कर्नलच्या दारातली परकी स्ट्रिंग

एखादा प्रोग्राम लिनक्सला फाइल उघडायला सांगतो तेव्हा तो कर्नलच्या हाती फाइलचे नाव देत नाही. नाव मेमरीत जिथे ठेवले आहे तिथला पत्ता देतो. त्या पत्त्यापासून किती बाइट वाचायचे हे त्याने सांगितलेले नसते. सी भाषेच्या रिवाजाप्रमाणे शून्य मूल्याचा बाइट भेटेपर्यंत वाचत जायचे आणि तो भेटला की नाव संपले असे धरायचे. हा रिवाज प्रोग्रामने स्वतःच्या मेमरीत मोडला तर तो प्रोग्राम तेवढा पडतो. कर्नलमध्ये मोडला तर सगळे यंत्र पडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे पडत नाही, बिनबोभाट दुसऱ्याच्या ताब्यात जाते. दिलेला पत्ता खोटा असू शकतो, शून्य बाइट कुठेच नसू शकतो, वाचता वाचता मजकूर बदलू शकतो आणि मजकुरात वाटेल ते असू शकते. फाइलचे नाव, माउंट करतानाचे पर्याय, प्रोसेसने स्वतःला दिलेले नाव, यूएसबी उपकरणाने सांगितलेले स्वतःचे वर्णन, ही सगळी या जातीची, म्हणजे विश्वास ठेवू नये अशी स्ट्रिंग.

तिला कसे हाताळावे याबद्दल कर्नल लिहिणाऱ्यांत दोन कल दिसतात. एक कल साधनांवर भर देतो, दुसरा साधनांपलीकडच्या विचारावर. जुन्या शास्त्रग्रंथांच्या धाटणीने त्यांना पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हणता येईल. मात्र इथला उत्तरपक्ष दर वेळी जिंकतोच असे नाही.

पूर्वपक्ष: कर्नलमध्ये स्ट्रिंग हलवणारी फंक्शनं मोजकी आहेत. त्यांतली घातक ती काढून टाका, जागी सुरक्षित द्या, आणि जुनं फंक्शन वापरणारा पॅच आला की परत पाठवा. ड्रायव्हर लिहिणारे हजारो लोक आहेत. प्रत्येक जण प्रत्येक ओळीत सावध राहील, या भरवशावर कर्नल चालवता येत नाही.

उत्तरपक्ष: फंक्शन एकाच प्रश्नाचं उत्तर देतं, किती बाइट हलवायचे. परक्या स्ट्रिंगच्या बाबतीत हा सगळ्यात सोपा प्रश्न आहे. ती कुणाच्या मेमरीत आहे, आपण वाचत असताना कुणी बदलतंय का, लांबीचा हिशेब कुणी केला आणि शेवटी ती कोण वाचणार, यांचं काय?

वाद याच क्रमाने घेणे सोयीचे आहे, कारण स्ट्रिंगही कर्नलमध्ये याच क्रमाने प्रवास करते.

वापरकर्त्याच्या पत्त्यावरचा मजकूर कर्नलने साध्या पॉइंटरने वाचायचा नसतो. त्या पत्त्याचे पान त्या घडीला मेमरीत नसेलही. दुसरे म्हणजे, खोडसाळ प्रोग्राम स्वतःचा म्हणून कर्नलच्याच मेमरीतला पत्ता देऊ शकतो. मग कर्नल आपलीच गुपिते वापरकर्त्याचा मजकूर समजून वाचेल, किंवा त्याचा म्हणून आपल्याच मेमरीवर लिहील. म्हणून लिनक्समध्ये ‘कॉपी-फ्रॉम-यूजर’ आणि स्ट्रिंगसाठी ‘स्ट्र-एन-कॉपी-फ्रॉम-यूजर’ ही फंक्शने आहेत. पत्ता वापरकर्त्याच्या हद्दीतला आहे ना, हे ती आधी पाहतात, आणि वाचताना न निस्तरणारा पानाचा दोष झाला तर कर्नल न पाडता वाचन फसल्याचे बोलावणाऱ्याला कळवतात. प्रोसेसर बनवणाऱ्यांनीही पुढे हात दिला. २०१४ च्या ब्रॉडवेल पिढीपासून इंटेलच्या आणि ८.१ आवृत्तीपासून आर्मच्या रचनेत अशी सोय आहे की कर्नलने वापरकर्त्याच्या मेमरीला चुकून हात लावला तर प्रोसेसरच अडवतो. वर सांगितलेली फंक्शने तेवढ्यापुरते कुलूप उघडतात आणि काम होताच लावतात.

पूर्वपक्ष: म्हणजे पहिला प्रश्न साधनानंच सुटला.

उत्तरपक्ष: साधन स्वतः बरोबर असेल तर. आर्मच्या जुन्या प्रोसेसरांवर कर्नलच्या ‘गेट-यूजर’ आणि ‘पुट-यूजर’ या जोडीत काही पत्त्यांची तपासणीच नव्हती. ३.५.५ आवृत्तीत ती आली. तरीही २०१३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अँड्रॉइड फोनांवर हीच फट वापरून हल्ले झाले. सुरक्षा-दोषांच्या सीव्हीई यादीत नोंद सीव्हीई-२०१३-६२८२ म्हणून सापडेल.

पूर्वपक्ष: ही गोष्ट माझ्या बाजूची आहे. चूक दोन फंक्शनांत होती म्हणून दोन ठिकाणी दुरुस्त झाली. तीच तपासणी प्रत्येक ड्रायव्हरने हातानं लिहिली असती तर ती कुणी शोधली असती?

या उत्तराला तोड नाही. फोनांपर्यंत दुरुस्ती उशिरा पोहोचली, पण तो दोष वितरणाचा होता, रचनेचा नव्हे.

मात्र स्ट्रिंग वाचणाऱ्या या फंक्शनाचा एक करार पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. ‘स्ट्र-एन-कॉपी-फ्रॉम-यूजर’ला जितक्या बाइटांची मुभा दिली तितक्यांत शून्य बाइट आला नाही, तर ते तितकेच बाइट आणून ठेवते आणि तोच आकडा परत देते. शेवटी शून्य बाइट लावत नाही. परत आलेला आकडा मुभेइतकाच असेल तर हाती आलेली स्ट्रिंग बिनशेपटाची आहे, हे बोलावणाऱ्याने ओळखायचे असते. प्रोसेसला नाव देणारा सिस्टम कॉल यातून नेटका मार्ग काढतो. नावाची जागा १६ बाइटांची असते. तो शेवटच्या घरात आधीच शून्य ठेवतो आणि मुभा १५ चीच देतो. लांब नाव गुपचूप कापले जाते. फाइलच्या मार्गाला मात्र हे चालत नाही. मार्ग कापला तर तो दुसऱ्याच फाइलचा मार्ग होऊ शकतो. म्हणून तिथे शून्य बाइट धरून ४०९६ बाइटांची मर्यादा आहे आणि ती ओलांडली की कर्नल काहीही न कापता ‘नाव फार लांब’ ही त्रुटी देतो. कापावे की नाकारावे हे त्या स्ट्रिंगचे पुढे काय होणार यावर ठरते, आणि ते फंक्शनाला ठाऊक नसते.

उत्तरपक्ष: आता काळाचा प्रश्न. वापरकर्त्याच्या मेमरीतली स्ट्रिंग दोनदा वाचली की ती दोन वेगळ्या स्ट्रिंग असू शकतात. प्रोग्रामचा एक धागा सिस्टम कॉलमध्ये अडकलेला असताना दुसरा धागा तीच मेमरी खुशाल बदलत बसतो.

पूर्वपक्ष: तर मग एकदाच वाचा.

उत्तरपक्ष: सांगायला सोपं आहे. लांबी कळल्याशिवाय जागा किती घ्यायची ते कळत नाही, आणि वाचल्याशिवाय लांबी कळत नाही.

या पेचाचे उत्तर ‘स्ट्र-एन-डुप-यूजर’ या छोट्या फंक्शनात पाहायला मिळते. ते आधी वापरकर्त्याच्या मेमरीतच लांबी मोजते, तेवढी जागा घेते, तेवढे बाइट आणते आणि मग शेवटच्या घरात स्वतः शून्य लिहिते. वरवर पाहता ती शेवटची ओळ फुकट आहे. मोजताना त्या घरात शून्य होते म्हणूनच तर लांबी तेवढी ठरली. पण मोजणे आणि आणणे यांच्या मधल्या क्षणात कुणी तो शून्य पुसून टाकला असेल, तर त्या एका ओळीमुळे कर्नलच्या हातातली स्ट्रिंग तरीही संपते. मजकूर बदलला असेल तर असो, तो तसाही वापरकर्त्याचाच होता. बिघडू द्यायची नव्हती ती एवढीच एक गोष्ट.

हीच तफावत जिथे तपासणी आणि वापर यांच्या मधे येते तिथे प्रकरण अधिक गंभीर होते. सिस्टम कॉलच्या आधी स्वतःची तपासणी घुसवणारी सुरक्षा-आवरणे एके काळी लोकप्रिय होती. रॉबर्ट वॉटसन यांनी २००७ मध्ये सिस्ट्रेससारख्या अशा आवरणांना बगल देऊन दाखवली. आवरणाने मार्ग वाचून ‘चालेल’ म्हटले, आणि कर्नलने तोच मार्ग पुन्हा वाचेपर्यंत त्या जागी दुसरा मार्ग आला. लिनक्समध्ये २०१२ पासून असलेला सेककॉम्पचा गाळणीचा प्रकार म्हणूनच स्ट्रिंगकडे पाहतच नाही. सिस्टम कॉलचा क्रमांक आणि त्याला दिलेले आकडे पाहण्याची मुभा त्याला आहे, पण एखादा आकडा पत्ता असेल तर त्या पत्त्यावर काय आहे ते पाहण्याची नाही. वापरणाऱ्यांची यावर नेहमीची तक्रार असते, पण ही उणीव जाणूनबुजून ठेवलेली आहे.

पूर्वपक्ष: मान्य. पण एकदा का स्ट्रिंग कर्नलच्या मेमरीत आली, की पुढची हलवाहलव तरी साधनांच्या कक्षेतली आहे.

तिथला इतिहास बघण्यासारखा आहे. ‘स्ट्र-एन-कॉपी’ हे फंक्शन सुरक्षित नक्कल करण्यासाठी जन्मलेच नव्हते. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद १६ बाइटांची असे, २ बाइट आयनोडचा क्रमांक आणि १४ बाइट नाव. नाव आखूड असेल तर उरलेली घरे शून्यांनी भरायची, १४ चे असेल तर शून्याला जागाच नाही. हे फंक्शन नेमके एवढेच करते. ठरावीक रुंदीच्या रकान्यासाठी ते चोख आहे, पण नावातला ‘एन’ पाहून लोकांनी ते मर्यादेत राहणारे म्हणून सगळीकडे वापरले. त्यामुळे दोन रोग जडले. लांब स्ट्रिंगला शेपूट राहिले नाही, आणि मोठ्या बफरात आखूड स्ट्रिंग टाकताना उरलेली सगळी जागा शून्यांनी भरण्यात वेळ गेला.

ओपनबीएसडीच्या टॉड मिलर आणि थिओ दे राट यांनी १९९८ मध्ये ‘स्ट्र-एल-कॉपी’ आणले. ते शून्य बाइट नेहमी लावते. पण ते मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी परत देते, म्हणजे बफर ८ बाइटांचा असला तरी मूळ स्ट्रिंग शून्य सापडेपर्यंत वाचत जाते. मूळ स्ट्रिंगच बिनशेपटाची असेल तर वाचन भलत्या मेमरीत शिरते. ज्या स्ट्रिंगवर विश्वास नाही तिच्यासाठी बनवलेले साधन तिच्या शेपटावर मात्र विश्वास ठेवते, हा त्यातला विनोद. लिनक्समध्ये २०१५ च्या ४.३ आवृत्तीत ख्रिस मेटकाफ यांचे ‘स्ट्र-एस-कॉपी’ आले. ते बफरात मावेल तितकेच वाचते, शून्य लावते, आणि स्ट्रिंग कापावी लागली तर ऋण त्रुटी देते. हळूहळू सगळा कर्नल त्याकडे वळवला गेला आणि २०२४ मधल्या ६.८ आवृत्तीत ‘स्ट्र-एल-कॉपी’ कर्नलमधून हद्दपार झाले. गंमत अशी की वापरकर्त्याच्या बाजूच्या ग्लिबसी ग्रंथालयाने अनेक वर्षे नाकारलेले हेच फंक्शन त्याच्या काही महिने आधी, २०२३ मध्ये, स्वीकारले होते. कर्नलबाहेर ते बहुधा प्रोग्रामच्या स्वतःच्याच स्ट्रिंगवर चालते, तिथे त्याचा दोष तितका बोचत नाही.

उत्तरपक्ष: आणि ‘स्ट्र-एस-कॉपी’नं दिलेली त्रुटी कुणी पाहिलीच नाही तर?

पूर्वपक्ष: तर स्ट्रिंग कापली जाईल, मेमरी फुटणार नाही. दोन संकटांतलं लहान संकट निवडलं.

उत्तरपक्ष: आणखी एक. बफरातली उरलेली घरं ते भरत नाही. तोच बफर आख्खा वापरकर्त्याला परत दिलात, तर त्या घरांतला आधीचा कचरा बाहेर जातो. त्या कचऱ्यात कर्नलचे पत्ते असू शकतात.

पूर्वपक्ष: त्यासाठी उरलेलं शून्यांनी भरणारी वेगळी आवृत्ती आहे.

उत्तरपक्ष: आहे ना. कोणती कुठं वापरायची हे ठरवायला बफर पुढं कुठं जातो ते माहीत हवं, एवढंच म्हणणं.

इथे पूर्वपक्ष आपली मोठी सूचना पुढे करतो. शून्याने संपणाऱ्या स्ट्रिंगचा नाद सोडून स्ट्रिंगसोबत तिची लांबी बाळगावी. कल्पना जुनी आहे. सी भाषेची पूर्वज असलेली बीसीपीएल लांबी बाळगत असे. बी भाषेने ती सोडून खुणेचा बाइट घेतला आणि सीने तोच वारसा चालवला. लांबीच्या एका घरात मावेल तेवढीच स्ट्रिंग, ही मर्यादा नको होती, आणि लांबी सांभाळत बसणे कटकटीचे वाटे, असे कारण डेनिस रिची यांनी पुढे नोंदवले आहे. विंडोजच्या कर्नलने मात्र लांबीचाच मार्ग धरला. तिथल्या स्ट्रिंगच्या नोंदीत सध्याची लांबी, कमाल लांबी आणि मजकुराचा पत्ता असे तीन भाग असतात.

पण त्या दोन रिवाजांच्या सांध्यावर नवीनच फट पडली. लांबी मोजणाऱ्या कर्नलच्या लेखी शून्य हे स्ट्रिंगमधले एक साधे अक्षर आहे. त्याच्यावर बसलेला विन-३२ थर शून्यापाशी थांबतो. म्हणून मूळ इंटरफेस वापरून नावात शून्य असलेली रजिस्ट्री-की तयार करता येते, आणि ती रजिस्ट्री एडिटरला धड उघडता येत नाही. सिसइंटरनल्सच्या रेगहाइड या छोट्या प्रोग्रामने हे प्रात्यक्षिक कधीच करून दाखवले आहे.

लांबी हाती असूनही घात कसा होतो याचे सर्वांत बोलके उदाहरण लिनक्सचेच आहे. फाइल सिस्टम माउंट करताना दिलेले पर्याय एका पानात स्वल्पविरामाने जोडत जाणारे फंक्शन ५.१ आवृत्तीत आले. पान बहुतेक यंत्रांवर ४०९६ बाइटांचे. नवा पर्याय मावतो का हे पाहायला त्यात असा हिशेब होता की पानाच्या आकारातून २ आणि आतापर्यंत भरलेले बाइट वजा करायचे, आणि नव्या पर्यायाची लांबी उरलेल्या आकड्याहून मोठी असेल तर नाकारायचे. कागदावर बिनचूक. पण हे आकडे चिन्हरहित होते. भरलेले बाइट ४०९५ झाले की वजाबाकी उणे एक येण्याऐवजी उलटून अतिप्रचंड होते, आणि त्याहून मोठा पर्याय जगात नसल्याने सगळेच मावू लागतात. २०२२ च्या जानेवारीत सीव्हीई-२०२२-०१८५ या क्रमांकाने हा दोष उघड झाला. त्यातून कंटेनरच्या भिंती ओलांडून मूळ यंत्रावर ताबा मिळवता येत होता. दुरुस्ती एका ओळीची होती. वजाबाकी काढून भरलेले, नवे आणि २ यांची बेरीज करायची, आणि ती पानाहून मोठी झाली तर नाकारायचे.

उत्तरपक्ष: त्याच फंक्शनात पुढच्याच ओळींत पर्यायाच्या मजकुरात स्वल्पविराम नाही ना, हे पाहिलेलं आहे. असता तर एका पर्यायाच्या पोटातून दुसरा पर्याय घुसवता आला असता. लिहिणाऱ्यानं अर्थाचा धोका ओळखला, हिशेबाचा ओळखला नाही. लांबी हातात होती, नक्कल करणारं फंक्शन योग्य होतं. तुमच्या यादीतलं काहीच मोडलेलं नव्हतं.

पूर्वपक्ष: म्हणूनच हिशेब माणसाच्या हातातून काढून घ्यायचा. रस्ट भाषेत स्लाइससोबत लांबी असते आणि हद्द ओलांडली की भाषाच अडवते. वापरकर्त्याची मेमरी वाचणारा तिथला वाचक वाचेल तसा पुढं सरकतो. तेच बाइट चुकून दोनदा वाचता येऊ नयेत म्हणून तो तसा घडवला आहे.

हा दावा बराचसा खरा आहे. २०२२ च्या अखेरीस ६.१ आवृत्तीपासून लिनक्समध्ये रस्टला जागा मिळाली आणि आधीच्या चार प्रश्नांपैकी तीन तिथे भाषेच्या पातळीवर मोठ्या प्रमाणात आटोक्यात येतात. सी भाषेतला कोट्यवधी ओळींचा कर्नल मात्र जागच्या जागी आहे. त्याच्यासाठी २०१७ च्या ४.१३ आवृत्तीपासून असलेला फोर्टिफाय हा पर्याय बफराचा आकार ठाऊक असेल तिथे नक्कल हद्दीबाहेर जाते का ते पाहतो.

चौथा प्रश्न उरतो, स्ट्रिंग वाचणार कोण? उत्तरपक्ष इथे सर्वांत भक्कम आहे. पाहुण्याला घरात घेतले म्हणून तो घरचा होत नाही, तसे कर्नलच्या मेमरीत नक्कल झाल्याने स्ट्रिंगचा परकेपणा जात नाही. मेमरीच्या दृष्टीने ती निर्धोक होते, अर्थाच्या दृष्टीने नाही. बाहेरून आलेले नाव ‘प्रिंट-के’सारख्या, साच्याप्रमाणे मजकूर घडवणाऱ्या फंक्शनाला थेट साच्याच्या जागी दिले तर त्यातली टक्क्याची चिन्हे आज्ञा ठरतात. २०१३ मधल्या सीव्हीई-२०१३-२८५१ मध्ये डिस्कच्या नावातून हेच करता येत होते. त्यासाठी रूटचे अधिकार लागत, पण रूट आणि कर्नल यांच्यातली सीमाही जपावी लागते. नाव साच्यात न देता साच्याला पुरवायचे, एवढाच तो उपाय.

फाइलच्या नावात तिरपी रेघ आणि शून्य सोडून कोणताही बाइट चालतो, अगदी नव्या ओळीचाही. समजा एखाद्याने नावात नवी ओळ घालून पुढे ऑडिटच्या नोंदीसारखा दिसणारा मजकूर लिहिला. ते नाव लॉगमध्ये जसेच्या तसे उतरले तर न घडलेल्या घटनेची नोंद तयार होईल. म्हणून कर्नलच्या ऑडिट विभागात अशा स्ट्रिंगसाठी वेगळे फंक्शन आहे आणि त्याच्या नावातच ‘अनट्रस्टेड स्ट्रिंग’ हे शब्द आहेत. मजकूर साध्या छापील आस्की अक्षरांचा असेल तर ते अवतरणांत लिहिते. त्यात मोकळी जागा, दुहेरी अवतरण, नियंत्रक बाइट किंवा आस्कीबाहेरचा कोणताही बाइट असेल तर सगळी स्ट्रिंग हेक्स आकड्यांत उतरवते. याचा फटका मराठी फाइलनावांनाही बसतो. ‘हिशेब’ हे नाव यूटीएफ-८ मध्ये १५ बाइटांचे होते आणि ऑडिटच्या लॉगमध्ये ते ३० हेक्स अंकांच्या रूपात दिसते. नाव निरुपद्रवी आहे, पण ते ठरवायला कर्नलला लिपी कळावी लागेल, आणि ती न कळलेलीच बरी.

पूर्वपक्ष: म्हणजे शेवटी इथंही एक फंक्शनच कामाला आलं!

उत्तरपक्ष: ऑडिटच्या लॉगपुरतं. माउंटांची यादी देणाऱ्या प्रोक-फाइलमध्ये तेच नाव गेलं तर मोकळ्या जागेचं ‘\०४०’ आणि नव्या ओळीचं ‘\०१२’ होतं, कारण तिथला वाचणारा वेगळा. आणि प्रोसेसचं नाव घ्या. ‘स्टेटस’ या फाइलमध्ये त्यातली नवी ओळ सांकेतिक करून छापतात, शेजारच्या ‘स्टॅट’मध्ये नाव कंसात टाकून जसंच्या तसं.

पूर्वपक्ष: मग ‘स्टॅट’ सुधारा.

उत्तरपक्ष: ती फाइल वाचणारे प्रोग्राम जगभर आहेत. छपाई बदलली तर ते मोडतील, आणि वापरकर्त्याचे प्रोग्राम मोडायचे नाहीत हा या कर्नलचा सर्वांत कडक नियम. नावात बंद होणारा कंस असू शकतो, मोकळ्या जागाही असू शकतात. म्हणून ती फाइल वाचणाऱ्यानं पहिल्या कंसापाशी न थांबता तिच्यातला शेवटचा बंद कंस शोधायचा आणि तिथून पुढचे रकाने मोजायचे.